कर्नलच्या वाय-फाय ड्रायव्हरमधली त्रुटी: बातमी आल्यावर काय तपासायचं, काय करायचं

वाय-फाय ड्रायव्हरमध्ये गंभीर त्रुटी सापडल्याची बातमी आली की बरेच जण आधी वाय-फायचा पासवर्ड बदलतात. काही जण व्हीपीएन चालू करतात. दोन्ही सवयी चांगल्या आहेत, पण या जातीच्या त्रुटीवर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. इथे हल्ला तुमच्या नेटवर्कवर नसतो, यंत्राच्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर असतो, आणि तो नेटवर्कला जोडलं जाण्याच्या आधीच होऊ शकतो. म्हणून तपासायचे प्रश्न वेगळे आहेत. ते दोनच आहेत: त्रुटी असलेला कोड माझ्या यंत्रावर चालतो का? आणि दुरुस्त केलेला कोड आत्ता, या क्षणी चालू आहे का? खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन उत्तरांपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

लेख मुख्यतः लिनक्सवर नव्याने आलेल्यांसाठी आहे. फोन, विंडोज आणि राउटरबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. ‘एल-एस-पी-सी-आय’सारखं नाव सुट्या अक्षरांत दिलं असेल, तर अक्षरांमधल्या आडव्या रेषा टाइप करायच्या नाहीत.

आधी हे समजून घ्या: हल्ला आत येतो कुठून

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चुकीचे उपाय करत बसतात. त्यामुळे इथे थोडा वेळ द्या.

वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट ‘मी इथे आहे’ असं सांगणारी एक छोटी फ्रेम सतत हवेत सोडत असतो. तिला बीकन म्हणतात. नेहमीच्या मांडणीत दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन जातो. तुमचा लॅपटॉप नेटवर्क शोधतो, म्हणजे स्कॅन करतो, तेव्हा आसपासचे सगळे बीकन ऐकतो आणि उलगडून वाचतो. ओळखीच्या नेटवर्कचेच वाचतो असं नाही. यादीत कोणती नावं दाखवायची हे ठरवण्यासाठी त्याला प्रत्येक बीकन वाचावाच लागतो. आणि जोडणी होण्याआधी मिळालेला बीकन खरा की बनावट, हे पडताळायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं. वाय-फायची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए२ असो की डब्ल्यूपीए३, तिचं संरक्षण जोडणीच्या टप्प्यावर सुरू होतं. वाचण्याचं काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं, तेही कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राचे सर्वोच्च अधिकार असलेल्या भागात.

आता २०२२ चं उदाहरण घेऊ, कारण त्याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. बीकनमधली माहिती ‘एलिमेंट’ नावाच्या तुकड्यांत असते. तुकड्याचा पहिला बाइट त्याचा प्रकार सांगतो, दुसरा बाइट मजकुराची लांबी सांगतो आणि पुढे तितक्या बाइटांचा मजकूर येतो. ‘मल्टिपल बीएसएसआयडी’ नावाचा एक तुकडा एकाच बीकनमध्ये अनेक नेटवर्कांची माहिती कोंबण्यासाठी असतो. लिनक्स कर्नलला एके ठिकाणी या तुकड्याची एकूण लांबी हवी होती: मजकुराची लांबी अधिक सुरुवातीचे दोन बाइट. सूत्र अचूक होतं. पण उत्तर ठेवण्यासाठी घेतलेलं चलही (व्हेरिएबल) एकाच बाइटचं होतं, आणि एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. लांबी २५४ असली तर बेरीज २५६ होते आणि चलात उरतं शून्य. लांबी २५५ असली तर उरतो एक. मग पुढचं गणित बिघडतं आणि राखून ठेवलेल्या जागेपेक्षा २५६ बाइट जास्त कॉपी होतात. ते शेजारच्या मेमरीवर जाऊन पडतात, आणि ते बाइट ज्याने बीकन सोडला त्याने निवडलेले असू शकतात.

दुरुस्ती म्हणजे त्या चलाचा प्रकार मोठा करणं. एका ओळीचा बदल.

या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२२-४१६७४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींची क्रमांकवार सामायिक यादी). डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातले संशोधक झ्योंके हुस्टर यांनी ती कळवली. लिनक्सच्या वायरलेस भागाची देखभाल करणारे इंटेलचे योहानेस बेर्ग यांच्यासोबत तपास पुढे गेला, तेव्हा आणखी चार त्रुटी हाती लागल्या: ४२७१९, ४२७२०, ४२७२१ आणि ४२७२२. एकूण पाचांपैकी पहिल्या तिन्हींत मेमरी बिघडवून कोड चालवण्याची शक्यता होती, शेवटच्या दोन्हींत यंत्र अडकवण्याची किंवा पाडण्याची. मूळ चूक मे २०१९ मध्ये आलेल्या ५.१ या कर्नलपासून होती आणि दुरुस्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. तीन वर्षांहून अधिक काळ ती ओळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हल्लेखोर रेडिओच्या टप्प्यात असावा लागतो. दुसऱ्या खंडात बसून हे करता येत नाही. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण गर्दीच्या जागी उघडलेला लॅपटॉप टप्प्यात असतोच, आणि नेटवर्कला जोडलेला नसला तरी असतो.

पहिली पायरी: सूचनेत तीन गोष्टी शोधा

सुरक्षा सूचना लांबलचक असतात. तुम्हाला त्यातल्या तीनच गोष्टी हव्यात.

एक, चूक कोणत्या थरात आहे. लिनक्समध्ये वाय-फायचं काम साधारण तीन थरांत चालतं. सर्वांत वर ‘सीएफजी८०२११’ असतो; स्कॅनचे निकाल, मांडणी वगैरे त्याच्याकडे. त्याखाली ‘मॅक८०२११’, जो अनेक चिपना लागणारं सामायिक काम करतो. आणि तळाला त्या त्या चिपचा ड्रायव्हर. चूक तळाच्या ड्रायव्हरमध्ये असेल तर ठरावीक चिप असलेल्यांनाच काळजी. २०१९ ची सीव्हीई-२०१९-१७६६६ अशीच होती: रिअलटेकच्या ‘आरटीएलवायफाय’ ड्रायव्हरमध्ये वाय-फाय डायरेक्टशी संबंधित एका तुकड्याची वरची मर्यादा तपासलीच जात नव्हती. ज्यांच्याकडे हा ड्रायव्हर नाही त्यांना ती लागूच नव्हती. २०२२ ची चूक याउलट वरच्या सामायिक थरात होती, म्हणून चिप कोणत्या कंपनीची हा प्रश्न जवळजवळ गौण ठरला. जवळजवळ म्हणतो, कारण ज्या ड्रायव्हरने मल्टिपल बीएसएसआयडीची सोय जाहीर केलेली नसते, त्याच्या बाबतीत तो कोड चालतच नाही. पण नवख्या माणसाने त्या भरवशावर राहू नये.

दोन, हल्ल्याची वाट. सूचनेत ‘ॲडजेसंट’ लिहिलं असेल तर हल्लेखोर जवळ, रेडिओच्या टप्प्यात हवा. ‘लोकल’ असेल तर त्याला आधीच तुमच्या यंत्रावर प्रवेश मिळालेला असावा लागतो. वाय-फायच्या अनेक त्रुटी ‘लोकल’ प्रकारच्या असतात आणि त्यांची घाई कमी असते. शिवाय ‘वापरकर्त्याची कृती आवश्यक’ आहे की नाही तेही पाहा. ‘ॲडजेसंट’ आणि ‘कृती आवश्यक नाही’ ही जोडी दिसली, तर त्याच दिवशी कामाला लागा.

तीन, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत.

गुणांकाकडे, म्हणजे १० पैकी ८ वगैरे आकड्याकडे, मी सर्वांत शेवटी पाहतो. तुमच्या यंत्रावर तो कोड चालतो की नाही हे त्याला माहीत नसतं. नुसत्या सीव्हीई क्रमांकानेही दचकू नका: फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नल प्रकल्प स्वतःच हे क्रमांक देतो आणि अगदी किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्त्यांनाही देतो. त्यामुळे क्रमांकांची संख्या वाढली. याचा अर्थ कर्नल अचानक ठिसूळ झाला असा नाही.

दुसरी पायरी: आपला ड्रायव्हर कोणता ते पाहा

टर्मिनलमध्ये ‘एल-एस-पी-सी-आय’ ही कमांड ‘-के’ या पर्यायासह चालवा. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ सापडेल. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ यापुढे ड्रायव्हरचं नाव असतं. यूएसबीवरचं वाय-फाय असेल तर ‘एल-एस-यू-एस-बी’ला ‘-टी’ द्या. सामायिक थर चालू आहेत का ते ‘एल-एस-एम-ओ-डी’ दाखवते: सीएफजी८०२११ च्या ओळीत शेवटी, कोणकोणते मॉड्यूल (कर्नलमध्ये गरजेनुसार चढणारे कोडचे तुकडे) त्याच्यावर अवलंबून आहेत ती नावं दिसतात.

तिसरी पायरी: आवृत्ती तपासा, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका

‘यूनेम -आर’ म्हणजे यू-एन-ए-एम-ई, मग मोकळी जागा, मग वजा-आर. ही कमांड चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती सांगते. इथपर्यंत सोपं आहे. नवे लोक फसतात ते पुढे.

सूचनेत लिहिलेलं असतं, ‘५.१ पासून ५.१९.१६ च्या आधीपर्यंत बाधित’. तुमच्याकडे ५.१५.० दिसतं. मग बाधित? सांगता येत नाही. उबुंटूसारखी वितरणं (लिनक्सचे तयार संच, म्हणजे डिस्ट्रो) मूळ आकडा तसाच ठेवतात आणि दुरुस्त्या मागच्या आवृत्तीत आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. बदलतो तो डॅशनंतरचा आकडा. म्हणजे ५.१५.० च्या पुढे डॅश आणि मग येणारी संख्या हीच तुमच्या कामाची.

उलट दिशेनेही फसगत होते, आणि ती जास्त धोकादायक. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चा कर्नल ४.१८ असा दिसतो. ४.१८ हा ५.१ पेक्षा जुना, म्हणजे आपण सुरक्षित, असं कोणालाही वाटेल. पण रेड हॅटने त्या जुन्या आकड्याखाली वायरलेसचा पुष्कळ नवा कोड आणलेला होता. कोडबरोबर चूकही आली, आणि २०२२ ची दुरुस्ती तिथेही द्यावी लागली.

म्हणून आकड्यांची तुलना स्वतः करू नका. तुमच्या वितरणाच्या सुरक्षा पानावर जा, सीव्हीई क्रमांक टाका आणि कोणत्या पॅकेज आवृत्तीत दुरुस्ती आली ते वाचा. डेबियन, उबुंटू, रेड हॅट, सुसे या सगळ्यांची अशी पानं आहेत. मग त्या आवृत्तीशी आपली आवृत्ती जुळवा. डेबियनवर ‘-आर’ऐवजी ‘-व्ही’ द्या. पॅकेजची खरी आवृत्ती त्यात दिसते.

चौथी पायरी: अपडेट करा आणि यंत्र पुन्हा सुरू करा

उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’. जुन्या लेखांत ‘एपीटी-गेट अपग्रेड’ लिहिलेलं असतं. ते वापरलंत तर नवा कर्नल बहुधा राहून जाईल: नवा कर्नल नव्या नावाचं पॅकेज म्हणून येतो, आणि ती जुनी कमांड नवी पॅकेजं बसवतच नाही, फक्त ‘रोखून ठेवली’ असं सांगते. फेडोरावर ‘सुडो डीएनएफ अपग्रेड’ पुरेसं आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. अपडेट झालं म्हणजे नवा कर्नल डिस्कवर आला. चालू मात्र जुनाच आहे. वाय-फाय बंद करून चालू केलं किंवा मॉड्यूल काढून पुन्हा घातलं, तरी चालू कर्नल स्वतःच्याच आवृत्तीच्या फोल्डरमधले मॉड्यूल उचलतो, म्हणजे जुनेच. लॅपटॉप मिटून उघडणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ते झोपवून उठवणं. हायबरनेटही नव्हे, त्यातही जुन्याच कर्नलची स्थिती परत येते. ‘अपडेट तर केलं होतं’ म्हणणाऱ्यांची यंत्रं आठवडेच्या आठवडे जुन्याच कर्नलवर चालू राहतात ती याच कारणाने. पूर्ण रीस्टार्ट करा. त्यानंतर ‘यूनेम -आर’ (डेबियनवर ‘-व्ही’) पुन्हा चालवा आणि आकडा बदलला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आकडा तोच राहिला तर दोन शक्यता: बूट मेन्यूत जुना कर्नल कायमचा निवडलेला आहे, किंवा नवे कर्नल आपोआप ओढून आणणारं मेटापॅकेज तुमच्या यंत्रावरून कधीतरी काढलं गेलं आहे.

काही वितरणं रीस्टार्टशिवाय चालू कर्नलवरच दुरुस्ती चढवणारी लाइव्ह पॅच सेवा देतात. ती निवडक त्रुटींपुरतीच असते. तुमची त्रुटी तिच्या यादीत आहे हे वाचल्याशिवाय रीस्टार्ट टाळू नका.

वाय-फायचा ड्रायव्हर तुम्ही स्वतः बाहेरून आणून बसवला असेल, जसं काही यूएसबी अडॅप्टरसाठी करावं लागतं, तर वितरणाचं अपडेट त्याला हातही लावत नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवून पाहा; बाहेरून आणलेले ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी बांधून देणारं साधन म्हणजे डीकेएमएस. तिथे वायरलेस ड्रायव्हरचं नाव दिसलं तर त्याचा मूळ स्रोत अजून सांभाळला जातो का ते तपासा. वर्षानुवर्षं हात न लागलेला ड्रायव्हर असेल तर माझा स्पष्ट सल्ला: कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेला अडॅप्टर घ्या.

पाचवी पायरी: अपडेट अजून आलंच नसेल तर

दुरुस्ती येईपर्यंत रेडिओ बंद ठेवणं हाच खरा उपाय. नेटवर्कपासून ‘डिस्कनेक्ट’ होणं पुरत नाही, कारण स्कॅन चालूच राहतो. ‘आर-एफ-के-आय-एल-एल’ या कमांडपुढे ‘ब्लॉक वायफाय’ लिहा; परत हवं तेव्हा ‘अनब्लॉक’. बाजूला रेडिओचं बटण असेल तर आणखी चांगलं. केबल असेल तर केबलवर काम करा.

यंत्राला वाय-फाय कधीच लागत नसेल, उदाहरणार्थ केबलवर चालणारा सर्व्हर, तर ड्रायव्हर चढूच न देणं उत्तम. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ मध्ये ‘कॉन्फ’ विस्ताराची फाइल करून त्यात ‘ब्लॅकलिस्ट’ आणि ड्रायव्हरचं नाव लिहायचं. मात्र एक काळजी घ्या: दूरच्या यंत्रावर वाय-फायमार्फतच आत शिरला असाल, तर यातलं काहीही करू नका. तुमचाच रस्ता बंद होईल आणि कोणाला तरी त्या यंत्रापाशी जावं लागेल.

फोन, विंडोज, राउटर

फोनवर कर्नलचा आकडा पाहण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये ‘सुरक्षा पॅच पातळी’ची तारीख पाहा. आणि वाय-फाय बंद केलं तरी अँड्रॉइड ठिकाण ओळखण्यासाठी स्कॅन करत राहू शकतो. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय स्कॅनिंग’ वेगळं बंद करावं लागतं. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमधलं बटण फक्त जोडणी तोडतं. रेडिओ खरोखर बंद करायचा तर सेटिंग्जमधून.

विंडोजही या जातीच्या त्रुटीपासून सुटलेलं नाही. जून २०२४ च्या अपडेटमध्ये सीव्हीई-२०२४-३००७८ दुरुस्त झाली, तीही वाय-फाय ड्रायव्हरमधली, जवळच्या हल्लेखोराला वापरता येणारी आणि वापरकर्त्याने काहीही न करता घडू शकणारी. अपडेटनंतर ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ निवडा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नलची स्थिती साठवून पुढच्या वेळी तीच परत आणली जाते.

राउटरचं अपडेट त्याच्या फर्मवेअरमधून येतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे वायरलेसचा भाग कर्नलपासून वेगळा, नव्या आवृत्तीतून घेतलेला असतो, त्यामुळे कर्नलचा आकडा काहीच सांगत नाही. २०२२ च्या त्रुटींसाठी त्यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये २२.०३.२ आणि २१.०२.५ या आवृत्त्या काढल्या होत्या. तुमचा राउटर या दोन मालिकांतल्या त्याहून जुन्या आवृत्तीवर असेल तर तो आजही उघडा आहे.

नव्या कर्नलवर वाय-फाय चालेनासं झालं तर

असं क्वचित होतं, पण होतं, आणि मग लोक वैतागून जुन्या कर्नलवर परत जाऊन तिथेच राहतात. तसं करू नका. बूट मेन्यूच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडा, तो सुरू होताच वाय-फाय ब्लॉक करा आणि केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने इंटरनेट घ्या. मग ‘जर्नलसीटीएल’ला ‘-के’ आणि ‘-बी -१’ देऊन मागच्या, म्हणजे नव्या कर्नलवरच्या बूटची नोंद काढा. तिच्यात तुमच्या ड्रायव्हरच्या नावाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा आणि वितरणाच्या बग नोंदवहीत कळवा: चिपचं नाव, ड्रायव्हरचं नाव, चालणाऱ्या कर्नलची आवृत्ती, न चालणाऱ्या कर्नलची आवृत्ती. या चार गोष्टी असलेली तक्रार दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं काम करून देते. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच लिहिलंत, तर पहिलं उत्तर म्हणून हीच माहिती मागितली जाईल.